किसना, मावळतीकडची माती अजून धाब्यावरच आहे

“उतर खाली! किसन्या, उतर म्हणतो ना! कोनाच्या डोक्शावर पाय देऊन उभा हाय, समजते का तुले?”

पाटलांचा आवाज तुला ठाऊकच आहे. एरवी ते आपल्या ओट्यावर नुसते शिंकले तरी नांदगाव खंडेश्वरच्या बाजारात बैल दावी तोडतात. त्या दिवशी तर ते बेंबीच्या देठापासून ओरडत होते. अंगणात सारा गाव गोळा झालेला. आणि तू रायाजीबाबांच्या घराच्या धाब्यावर, वैशाखाच्या उन्हात, कमरेत वाकून फावड्यानं माती ओढत होतास आणि टोपल्यामागून टोपलं मागच्या बाजूनं खाली रिचवत होतास. एकटा.

तू मान वर न करताच बोललास, “वरडा, पाटील, पन जरा दुरून वरडा. नाटाले हादरा बसते.”

लोक हसले. पाटलांनी त्यांच्याकडे पाहिलं, तसं हसू जागच्या जागी वाळलं. मग पाटील माझ्याकडे वळले. “सोनबा, तू सांग याले. दोस्त हाय ना तुहा? बाबांचा शब्द तं तूच सांगितला होता गावाले.”

तेव्हा तू फावडं थांबवलंस आणि माझ्याकडे पाहिलंस. एकदाच.

किसना, माझ्या तोंडाला झाकण नाही हे तीन तालुक्यांना माहीत आहे. मी झोपेत बोलतो, आणि झोपेतही वाढवूनच बोलतो. त्या घडीला मात्र मी खाली पाहत पायाच्या अंगठ्यानं एक ढेकूळ फोडत राहिलो. तू वरून टाकलेलं ते ढेकूळ काळंभोर होतं. अकोल्याकडचं.

पुढचं तुला सांगायची गरज नाही. पण गरज नाही म्हणून मी कधी गप्प बसलो आहे का?

रायाजीबाबा नुसते आपल्या गावचे नव्हते. वर्धा नदीच्या अल्याडचे-पल्याडचे, पार गोदावरीपर्यंतचे लोक त्यांना आपला पुढारी म्हणायचे. वेठीला जायचं नाही, कोणी कितीही घोडे नाचवले तरी जायचं नाही, हे या मुलखाला पहिल्यांदा त्यांनी सांगितलं. आपल्याला तोवर गावच्या शिवेपलीकडे फक्त दुसऱ्या गावची शीव ठाऊक होती. ‘देश’ हा शब्द मी त्यांच्याच तोंडी पहिल्यांदा ऐकला. कुठल्या कुठल्या मुलखातून माणसं यायची त्यांच्याकडे. बोली कळायची नाही, पण भाकरी मागायची खूण सगळ्यांची एकच. ती कळायची.

आणि घर म्हणशील तर एक लांब खोली, पुढे ओसरी, मागे चूल. सागाचे चार आडवे नाट, म्हणजे तुळयाच, त्यांवर बारीक लाकडी कड्या, कड्यांवर कापसाच्या पऱ्हाटीचा थर, आणि त्यावर मातीचं सपाट धाबं. पाटलांचा गोठा याहून मोठा आहे. तिथंच त्या सभा झाल्या. मी गाडीवानांच्या पडावावर सांगतो की चारशे गावं बसली होती. तू प्रत्येक वेळी मागून बोलायचास, “चाळीस. घोंगड्या म्या अंथरल्या होत्या.”

तिथंच तू आणि मी, दहा-बारा वर्षांची दोन शेंबडी पोरं, धूळपाटीवर अक्षरं गिरवायला शिकलो. बेलदाराचा आणि माळ्याचा पोरगा बाबांच्या मांडीला मांडी लावून. माझी बोटं अक्षरांवर पळायची. तुझी मान सारखी वर. एकदा बाबांनी विचारलं, “किसना, वर काय लिहेल हाय?” तू म्हणालास, “तिसऱ्या नाटाले चीर हाय, बाबा.” बाबा उठून उभे राहिले आणि त्यांनी बघितलं. खरंच होती. दुसऱ्या दिवसापासून तुझी पाटी सुटली आणि तू बापाच्या हाताखाली धाबी घालायला लागलास. तो नाट तूच पुढे बदललास. मला अजून वाटतं, त्या खोलीत आपण दोघांनी वेगळं वेगळं वाचलं. मी ते बोलत राहिलो, तू ते सांभाळत राहिलास.

बाबांना न्यायला शिपाई आले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. कोणत्या सरकारचे शिपाई ते इथं लिहीत नाही. लिहिलं तर हा कागदही त्याच वाटेनं जाईल. बाबा उंबऱ्यात थांबले, हात पुसले, वर बघितलं आणि म्हणाले, “किसना, धाबं पाह्यजो.”

एवढंच. धाब्याकडे लक्ष ठेव, एवढंच. तू, मी आणि बाबा, तिघांनी ऐकलेले तीन शब्द. पुढे त्यांना कुठे नेलं, ते कुठे गेले, त्यांची राखसुद्धा आली नाही. समाधी नाही, पादुका नाहीत. तू म्हणालास, “मंग घरच हाय आता.” आणि पाटलांसकट सगळ्या गावानं ठरवलं की हे घर जसंच्या तसं ठेवायचं. पोरांच्या पोरांना दाखवता आलं पाहिजे की माणसं इथं बसून ताठ झाली.

तुझं सांभाळणं म्हणजे काय, हे लोकांना कधी दिसलंच नाही. दरसाल पावसाआधी तू वर चढायचास. आधी फावड्यानं जुनी माती खरवडून चार बोटं थर खाली उतरवायचास. मग गढीखालची पांढरी माती आणून तेवढाच नवा थर द्यायचास आणि धुम्मसानं ठोकून ठोकून असा बसवायचास की त्यावर पडलेलं पाणी पन्हळीतून पळून जाई, आत थेंब उतरत नसे. वहिनी, तुझ्या घरची, खालून माती चढवायची, तू वर ठोकायचास. मी बाजेवर बसून गोष्टी सांगायचो. कष्टात माझा वाटा एवढाच.

एकदा मी सांगत होतो की माझ्या मळ्यात बारा हाताचा वाघ आला आणि वांग्याच्या वाफ्यात बसला. तू वरून बोललास, “बारा नाई, सोन्या.” मी म्हटलं, “बरं, आठ.” तुझं धुम्मस चालूच. “पाच?” धुम्मस चालूच. शेवटी वहिनी म्हणाली, “मांजर होती. म्याच हाकलली.” तू इतका हसलास की धुम्मस हातातून सुटलं. गड्या, माझ्या गोष्टीवरचा फाजील थर काढणारा तू एकटाच होतास. बाकीचे सगळे वर टोपलंच ओतायचे.

मग समुद्रापलीकडे कुठेशी दोन भावांत लढाई लागली, तिकडचा कापूस बंद झाला, आणि इकडे आपल्या पऱ्हाटीला शिंगं फुटली. काय ते दिवस आले! अमरावतीच्या बाजारात कापूस असा साचला की म्हणे वैशाखात लोकांना थंडी वाजू लागली. अकोल्याहून निघालेली एक बंडी दोन दिवस कापसातूनच चालली आणि बैल नदी समजून पोहायला लागले. एक गाडीवान माझ्याकडून चार वांगी घेऊन गेला आणि बदल्यात बैल ठेवून गेला. (बैल नाही, चाबूक. तू असतास तर मला इथंच टोकलं असतंस, म्हणून मीच सांगतो.) आपल्या गावावरून रोज इतक्या बंड्या जाऊ लागल्या की कुत्री भुंकायची थांबली. मळ्याजवळच्या पडावावर बैल सुटायचे आणि मी वांगी-कांदे घेऊन जायचो. गोष्ट जितकी लांब, तितके गाडीवान जास्त वेळ बसायचे, आणि भाजी जास्त खपायची. एवढं साधं होतं ते.

त्यातच अमरावतीचा एक व्यापारी आला. त्याला रस्त्यालगत कापूस साठवायला जागा हवी होती. बाबांचं घर त्यानं बाहेरून बघितलं, खांबांवर हात ठोकला आणि म्हणाला, “मजबूत हाय. ओसरीची भिंत पाडू अन् दार मोठं करू.” पाटील नाही म्हणाले, पण ते ‘नाही’ रोज थोडं थोडं झिजत होतं, आपल्याला दिसत होतं. तू दोन दिवस जेवला नव्हतास.

त्या दुपारी मी पडावावर गेलो आणि बोललो. बाबांना नेलं तेव्हा त्यांनी धाब्यावरची चिमूटभर माती कपाळाला लावली, आणि म्हणाले: ज्या गावची माती माझ्या धाब्यावर चढन, ते गाव कोनापुढे वाकनार नाई. मी आवाज असा लावला की माझ्याच अंगावर काटा आला. त्या व्यापाऱ्याचेच गाडीवान तिथं भाकरी खात होते. दुसऱ्या दिवशी पाटलांचं ‘नाही’ झिजून संपलं आणि बोजे उतरवायची वेळ आली तेव्हा त्यांनी उंबऱ्याला हात लावला आणि उतरवायला साफ नकार दिला. व्यापारी निघून गेला.

तू मला मळ्यात गाठलंस.

“सोन्या, बाबा असं कवा बोल्ले?”

“बोल्ले असते.”

“बोल्ले नाई.”

“घर वाचलं का नाई?”

तू विहिरीत पाहिलंस. “वाचलं,” म्हणालास. मग माझ्या खांद्यावर हात ठेवलास, धाब्यावर ठोकायचास त्याच जड हातानं. “तू वाचवलं.” तुझ्या तोंडून मिळालेली ती एकच शाबासकी. ती मी इतकी जपली, किसना, की तिच्याखाली काय दबतंय ते पाहिलंच नाही.

कारण पंधरा दिवसांनी अकोल्याकडचा एक गाडीवान बंडी थांबवून उतरला आणि कापसाच्या बोजांमधून त्यानं एक टोपलं काढलं. आपल्या वावरातली माती. तू हसून दोन मुठी वर टाकल्यास. पुढच्या खेपेला चार टोपली आली, मग दहा. कौंडण्यपूरच्या जत्रेहून परतणारे लोक वाट वाकडी करून आले. आणि सगळे काळीच आणत. का आणणार नाहीत? त्या काळीनंच तर कापूस दिला होता, त्या वर्षी काळी म्हणजे सोनं होतं. गावठाणातली पांढरी कोण आणतो देवाला? आपलं सगळ्यात चांगलं ते आणायचं, म्हणून काळी.

तू मला समजावलंस, एकदा नाही, शंभरदा. (शंभरच. हे वाढवून नाही.)

“काळी पानी पेते, सोन्या. पेली का फुगते, फुगली का जड होते. वावरात चालते, तिथं खाली धरती हाय. इथं खाली चार नाट हायेत.”

“लोक भक्तीनं आणून राहिले, बाप्पा.”

“भक्तीले वजन नसते का?”

“मग दोन मुठी टाक अन् बाकीची गुपचूप मागं रिकामी कर.”

“कशी करू? लोक काडी रोवून जातात आपल्या मातीत. दुसऱ्या खेपेले येऊन पायतात. आमची कुठं हाय, म्हनतात. ते नांदगाववाले अन् अकोल्यावाले परवा शिडीखाली भांडले, बाबा बसत त्या जागेवर कोनाची माती पाह्यजे म्हनून.”

आणि दरसालचं खरवडणं पाटलांनी बंद केलं. “चाळीस गावची माती, ते खाली फेकायची? उद्या त्या गावांले काय तोंड दाखवू?” दोन पावसाळे तसेच गेले. पावसात धाबं फुगलं, उन्हात भेगाळलं, भेगांत पुन्हा टोपली रिचवली गेली. दुसऱ्या सालात तर सरकीचं बी मातीतून आलंच होतं, ते वर रुजलं. बाबांच्या धाब्यावर पऱ्हाटी उभी राहिली, बोंडं फुटली! लोक खालून हात जोडायला लागले. तू उपटायला चढलास तर बायांनी तुझी शिडी धरून ठेवली. आणि मी काय केलं? पडावावर जाऊन सांगितलं की त्या बोंडात कापूस नाही, बाबांच्या पांढऱ्या दाढीचे केस आहेत.

लिहिताना लाज वाटते. सांगताना नव्हती वाटली.

आपला सगळ्यात मोठा वाद त्याच साली झाला. आजवर तो मिटलेला नाही. मी म्हणालो, “किसना, गोष्ट नसती तर या घरात आज कापूस असता. घर गोष्टीनं उभं राहिलं.” तू म्हणालास, “गोष्टीनं वाचलं. उभं नाटावर हाय.” मी म्हणालो, “गोष्ट नसली तर पाहायला कोण येईल?” त्यावर तू म्हणालास, “येतील ना. आपले नातू येतील, आत उभे राहतील, अन् वर पायतील. तवा त्याहिच्या डोक्शावर लाकूड पाह्यजे. तुही गोष्ट नाई.”

शिमग्यानंतर तू मला ओढत त्या खोलीत नेलंस. मला खांबाशी उभं केलंस आणि माझा कान लाकडाला लावलास. “ऐक.” आधी काही नाही. मग वरून, लाकडाच्या पोटातून, अगदी बारीक कुरकुर आली, म्हातारा माणूस उठता उठता आवाज करतो तशी. मधल्या दोनांतला एक नाट ओंजळीसारखा खाली वाकला होता. मी वर पाहिलं. लहानपणी आपण जिथं बसायचो, बरोबर त्याच्यावर.

“हा पावसाळा नाई काढनार,” तू म्हणालास. “पाऊस पड्याच्या आंधी सगळी काळी उतरवाची. मी एकटा नाई उतरवू शकत. वीस मानसं पाह्यजेत.”

“पाटील देणार नाहीत.”

“तू बोल्ला तं देतील. तुह्या तोंडानं गेलं, तुह्याच तोंडानं वापस येऊ दे. सांग लोकांले, बाबा असं बोल्ले नव्हते. म्या बनवलं होतं, घर वाचवाले. हासतील. शिव्या देतील. मंग टोपले घेऊन येतील.”

मी हो म्हणालो. बाबांच्या त्या खोलीत, खांबाला कान लावून, हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पडावावर गेलो. गाडीवान बसले होते. एकानं विचारलं, “बाबांच्या धाब्यावर कापूस पिकला, खरं हाय का?” मी तोंड उघडलं. आणि किसना, आईच्यान सांगतो, मला खरं सांगायचं होतं. पण ती तोंडं माझ्याकडे अशी वळली होती, जशी जन्मात कोणाकडे वळत नाहीत. मी म्हणालो, “खरं हाय. यंदा तं दोनदा पिकला.”

तू वाट पाहिलीस. चैत्र गेला. तू परत विचारलं नाहीस, हेच मला टोचतं. विचारलं असतंस तर मी आणखी एखादी थाप मारली असती, आणि तू तिच्यातलीही निम्मी कापून टाकली असतीस. पण तू विचारायचंच बंद केलंस. वैशाखाच्या एका सकाळी तू फावडं खांद्यावर टाकलंस आणि शिडी लावलीस.

तो अंगणातला आरडाओरडा पहिल्या दिवसाचा. पाटलांनी हुकूम काढला की कोणी मदत करायची नाही. कोणी केली नाही. पाप लागेल म्हणून नाही केली, किंवा पाटील बघतात म्हणून नाही केली, मला ठाऊक नाही. मी कशामुळे नाही केली ते मात्र ठाऊक आहे. वर चढलो असतो तर लोकांनी विचारलं असतं, सोनबा, तूच तं म्हनला होता. मग सांगावं लागलं असतं.

तीन दिवस तू उतरवत राहिलास. वहिनी ओली फडकी तुझ्या डोक्यावर टाकायची, ती घटकेत वाळायची. तिसऱ्या दिवशी दुपारी तू खाली आलास, भिंतीला टेकून बसलास. मी कांदे घेऊन आलो होतो. एवढंच आणू शकलो. तुझे डोळे लाल झाले होते आणि अंगाला घाम नव्हता, एक थेंब नव्हता. तुझ्या तळहातांची कातडी फावड्याला चिकटून गेली होती. ऊन लागलं म्हणून वहिनी कांद्याचा रस तळपायाला चोळत होती. तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आता शिव्या देशील. द्यायला हव्या होत्यास.

“उगवतीकडचं झालं,” तू म्हणालास. “मावळतीकडचं राह्यलं.”

दिवस कलायच्या आत तू गेलास.

मी रडलो नाही असं लोक म्हणतात. मी खोलीत गेलो होतो, खांबाला कान लावायला. निम्मा भार उतरल्यावर नाट थोडा वर आला असेल असं वाटलं होतं. लाकूड तसं वर येत नाही म्हणतात. पण कुरकुर थांबली होती. हे तुला सांगायला परत ओसरीवर आलो, तर तुला खाली जमिनीवर घेतलेलं.

तुझ्या तेरवीला अख्खा गाव जेवला. पंगत उठायच्या आधी मी उभा राहिलो. मी सांगितलं. सगळं. बाबा असं कधी बोलले नव्हते. बोलले ते फक्त ‘धाबं पाह्यजो’, आणि तेही किसनाला. मातीची गोष्ट माझी. बोंडांची गोष्ट माझी. काळीनं नाट मोडतो आहे, अजून निम्मी वर आहे, तोंडावर पाऊस आहे, उठा आणि टोपली घ्या.

कोणी हसलं नाही. कोणी शिवी दिली नाही. तू तेवढाच एक अंदाज चुकलास, किसना. ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत होते. एक म्हातारा गाडीवान पाठीवरून हात फिरवून म्हणाला, “दुखात मानूस कायबी बोलते.” आणि पाटील, कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाले, “जलमभर फेकत आला तू, सोनबा. त्यात हे एकच गोष्ट खरी होती. ते तं राहू दे आमाले.”

पन्नास वर्षं माझं सगळं खोटं खरं मानलं लोकांनी. एक खरं सांगितलं, तर पानावरून कोणी उठलं नाही.

म्हणून हे कागदावर लिहितो आहे. माझं तोंड वापरून संपलं. कागदाला कदाचित मानतील, आज नाही तर पुढे कोणी.

आणि दुसऱ्या दिवशी काय झालं, ऐक. अकोल्याकडच्या बंड्या आल्या. तुझी बातमी त्यांना वाटेत कळली होती. त्यांनी दोन टोपली उतरवली. एक बाबांच्या नावाचं आणि एक तुझ्या. ‘धाब्यासाठी जीव देणारा किसना बेलदार’, असं म्हणत होते. मी हे सांगितलेलं नाही, शपथेवर. आपोआप झालं. पाटलांनी तुझं टोपलं स्वतः शिडीवरून वर नेलं, डोळे पुसत, आणि उगवतीकडे रिकामं केलं. तू साफ केलेल्या, ठोकलेल्या जागेवर. काळी.

मी काल सकाळी तुझ्या घरी फावडं मागायला गेलो. फावडं नव्हतं, वहिनीही नव्हती. बाबांच्या अंगणात आलो तर शिडी लागलेली. वर वहिनी होती, पदर खोचलेला, आणि तुझ्या नावानं ओतलेली ती माती ती टोपल्यात भरत होती. खाली पाटील उभे होते. तोंड उघडून उभे होते, पण तेराव्यानंतरच्या बाईवर ओरडणार कसे? थोड्या वेळानं ते निघून गेले.

मी वर चढलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या धाब्यावर उभा राहिलो. मावळतीचं निम्मं गुडघाभर वर उचललेलं, भेगा पडलेलं, काड्यांनी भरलेलं. पऱ्हाटीची वाळकी खोडं. लांब आभाळात ढग साठत होते. दोघांच्यानं आठ दिवसांत उतरेल की नाही, मला सांगता येत नाही. वाढवूनही सांगता येत नाही.

मी एक टोपलं भरलं, मग दुसरं. तिसऱ्याला माझा धीर सुटला. म्हणालो, “वहिनी, त्यानं मला शिमग्यानंतर सांगितलं होतं. मी बोललो असतो तर वीस माणसं वर आली असती. तो एकटा चढला नसता. मी हो म्हणालो होतो त्याला. बोललो नाही. तो माझ्यामुळे गेला, वहिनी.”

तिनं फावडं थांबवलं नाही. टोपलं भरून झालं, ते माझ्या हातात दिलं. मी ते उचलून कडेला नेलं.

“मले मायीत हाय,” ती म्हणाली. “तिकून नका टाकू, भाऊजी. खाली वासरू बांधेल हाय.”